शनिवारची पावलं

डाएटिशियन बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सर, व्हेज की नॉनव्हेज?"

"कोशर."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग आमच्या समाजाची कूळकथा सांगणं आलं. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव पाडलं 'शनिवार तेली'. तेलाशी आमचा घरोबा जुना आहे, हे बाईंनी माझ्या पोटाकडे बघून आधीच ओळखलं असावं. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारं. मासा चालतो, पण त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे रावस आत. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या बाहेर. मटण-चिकनबरोबर दूध-दही नाही.

"अरे वा! म्हणजे अर्धं डाएट झालंच की!"

इथेच सगळे फसतात. एवढी बंधनं पाळणारा माणूस काडीसारखा असणार, असं लोकांना वाटतं. पण आमच्या शास्त्राने बंदी घातली ती कोळंबीवर, जिच्यात चरबी नावापुरती. करंजीविरुद्ध एक अक्षर नाही.

तक्ता आला. दुपारी एक वाजता दह्यात मुरवलेलं चिकन. दही काढलं. चार वाजता ग्लासभर ताक. आमच्या घरी मांसानंतर सहा तास दूधदुभतं नाही, त्यामुळे चारचं ताक सातला गेलं आणि साडेसातला जेवण. शेवटी बाईंनी ताकच खोडलं. आईच्या मटणात दही नसतंच, त्याजागी नारळाचं दूध असतं. वाडवडिलांनी पळवाट काढली ती चवीची काढली, कॅलरी मोजायला त्या वेळी होतं कोण! त्यात डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. आणि आमचं मटण अर्धा तास पाण्यात, मग रक्त निघावं म्हणून तासभर जाड्या मिठात. नंतर तीनतीनदा धुतात, पण डॉक्टरांसमोर मी हा विषय काढत नाही.

खरी पंचाईत शनिवारची. "दर शनिवारी सकाळी वजन करून व्हॉट्सअ‍ॅप करा," बाईंचा हुकूम. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या आमच्या विश्रांतीच्या दिवशी, वजनकाटा नाही, फोन नाही. पावलं मोजणारं घड्याळही शुक्रवारी संध्याकाळीच कपाटात जातं. आठवडाभर मी खुर्चीत बसून असतो. चालतो तो फक्त शनिवारी, सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, आणि परत. नेमकी तीच पावलं हिशेबात नाहीत!

"धर्म आड येतो हो," असं मी बाईंना अगदी गहिवरून सांगत होतो. शेजारी आई होती.

"मागच्या शनिवारी दिवसभर मॅच बघितलीस, तेव्हा नाही आला आड?"

वजन सोमवारवर गेलं.

तीन महिन्यांत दोन किलो उतरले. मी कुणाला सांगणार नव्हतो, पण आईने आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नबीला, नवस बोलून ठेवला होता. नवस फिटला की मलिदा आलाच. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेला नारळ, वेलची, काजू, बदाम, मनुका असं परातभर कालवलं, वर फळं मांडली, प्रार्थना झाली. माझ्या वजनाचा मलिदा मीच नाकारायचा, हे बरं दिसलं नसतं.

आईने डाएटिशियन बाईंनाही आमंत्रण दिलं होतं. त्यांनी दोनदा घेतला.

"पोहेच तर आहेत, सर," म्हणाल्या, आणि डबा पुढे केला.