गेम अडकतोय? ‘स्पीड डबल’वाल्या सहा उपायांना उत्तर

उन्हाळा लागला की जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘पीसीवर गेम अडकतोय? हे सहा उपाय करा, स्पीड डबल.’ टेम्प आणि प्रीफेच साफ करा, एमएसकॉन्फिगमधून प्रोसेसर वाढवा, रॅम दुप्पट करा, कॅबिनेटचं झाकण काढून कूलरसमोर ठेवा, स्टॅबिलायझर बसवा, आणि एवढं करूनही फरक पडला नाही तर फॉरमॅट मारून नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या.

या मेसेजची मला चीड येते. सहाच्या सहा उपायांत आधी काही तपासून बघा असं कुठेच सांगितलेलं नाही. मशीन तापतंय का, रॅम किती स्पीडने चालतेय, कार्डावर खरंच लोड येतोय का, हे न बघता एकामागून एक उपाय करत जायचं, आणि शेवटी पंधरा-वीस हजारांचा पार्ट. आपल्याकडे पोराचा पीसी बऱ्याचदा केळीच्या नाहीतर कापसाच्या पट्टीतून आलेला असतो. ते पैसे अंदाजाने खर्च करायचे नसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘टेम्प आणि प्रीफेच रिकामं करा.’

टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर. ते साफ केल्याने डिस्कवर जागा होते, बाकी काही नाही. सी ड्राइव्ह गच्च भरून लाल झाला असेल तर ते काम जरूर करा, पण एफपीएस (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा) त्याने वाढत नाहीत. प्रीफेचचं तर उलटंच आहे. कुठला प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइल लागतात याची नोंद विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर उघडावा. ती नोंद पुसली की पुढच्या खेपेला गेम उघडायला जास्तच वेळ लागतो. याच्याच जोडीला ‘गेम बूस्टर’ आणि रजिस्ट्री क्लीनर टाका म्हणतात. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामांना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. टाकू नका.

‘एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन प्रोसेसर वाढवा.’

सहा उपायांत हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा. एमएसकॉन्फिग म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं याच्या सेटिंगची खिडकी. तिच्यात बूट टॅब, त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’वर टिक करून सगळ्यात मोठा आकडा निवडायचा, असं सांगतात. ती चौकट मुळात प्रोसेसर कमी करण्यासाठी आहे. कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग; कमी कोरच्या मशीनवर प्रोग्राम कसा चालेल हे तपासता यावं म्हणून ती दिलेली आहे. टिक नसते तेव्हा विंडोज सगळे कोर वापरतच असतं. मोठा आकडा निवडून एकही कोर वाढत नाही. चुकून लहान आकडा निवडला गेला तर मात्र तुमचे कोर खरोखर बंद होतात. सहा कोर, बारा थ्रेडचा प्रोसेसर आणि तिथे कोणीतरी 4 करून ठेवलंय, असं झालं की मशीन नवं असूनही गेम रडतो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’पुढचा आकडा आपल्या प्रोसेसरच्या थ्रेडशी जुळतो का ते बघा. शेजारच्या ‘मॅक्सिमम मेमरी’चीही तीच गत आहे. दोन्ही टिक काढा आणि रीस्टार्ट करा.

‘रॅम दुप्पट करा.’

कधी खरं, कधी वाया. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. 8 जीबीपैकी 7.5 भरलेली असेल आणि मध्येच झटके बसत असतील, तर रॅम कमी पडतेय हे नक्की. 16 पैकी 9-10 वापरात असेल तर 32 करून हाती काही लागणार नाही.

पण त्याच पानावर आणखी दोन ओळी असतात आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. एक ‘स्पीड’, दुसरी ‘स्लॉट्स यूज्ड’. डीडीआर4 3200 म्हणून विकत घेतलेली रॅम बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील स्पीडवर चालवणारी सेटिंग, चालू केलेली नसली तर बऱ्याचदा 2133 नाहीतर 2400 वर चालत राहते. काही जुन्या स्वस्त मदरबोर्डांवर 2666 च्या वर जाताच येत नाही, तेवढं आपल्या बोर्डाच्या माहितीपुस्तकात बघून घ्या. बाकी ठिकाणी बायोसमधली एक सेटिंग बदलायची असते, त्याला पैसे पडत नाहीत.

स्लॉटचा मुद्दा त्याहून मोठा आहे. 16 जीबीची एकच स्टिक लावली तर 3200 च्या रॅमला सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबीचा रस्ता मिळतो. 8-8 च्या दोन लावल्या तर 51.2 चा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरवर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण त्याचं आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. आपल्याकडे बजेटमध्ये बसवलेल्या पीसींत असे प्रोसेसर भरपूर आहेत आणि त्यात बऱ्याचदा एकच स्टिक सापडते. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन स्टिक सहसा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन असूनही बहुतेक बोर्डांवर एकीचाच रस्ता मिळतो.

‘कॅबिनेटचं झाकण काढा आणि कूलरसमोर ठेवा.’

मेसेज लिहिणाऱ्याने उष्णतेचं नाव तरी घेतलं, याबद्दल त्याला श्रेय देतो. खानदेशात मे महिन्यात गेम अडकतो तेव्हा मी पहिला संशय तापमानावरच घेतो. उपाय मात्र अर्धवट आहे.

मुळात होतं काय ते बघू. हीटसिंक (प्रोसेसरवरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ठरावीक लोडला प्रोसेसर हवेपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी वर राहतो. 25 अंशांच्या खोलीत जो 75 वर असतो, तोच पत्र्याखालच्या 42 अंशांच्या खोलीत 92 च्या आसपास पोहोचतो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची हद्द 100 अंशांच्या जवळपास आहे, रायझनची 90 ते 95. हद्द आली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला क्लॉक, म्हणजे आपला वेग, खाली आणतो, आणि गेम अडकतो. डिसेंबरात मक्खन चाललेलं मशीन मेमध्ये का रडतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

ओळखायचं कसं? गेम सुरू केल्यावर 90 एफपीएस, अर्ध्या तासाने 50, बंद करून थोडा वेळ थांबलं की पुन्हा 90: असा चढउतार असेल तर तापमान बघाच. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते मागे चालू ठेवून गेम खेळा आणि नंतर ‘मॅक्सिमम’चा रकाना वाचा. थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग उतरणं) यापुढे ‘येस’ आलं की शोध संपला. ग्राफिक्स कार्डाचं तापमानही तिथेच दिसतं.

आता झाकण. ते काढून बघणं ही चांगली चाचणी आहे. काढल्यावर तापमान 8-10 अंशांनी उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय, पुढून हवा आत येत नाही नाहीतर मागचा पंखा उलटा बसलाय. तो दोष काढा आणि झाकण परत लावा. कायम उघडं ठेवलं तर धूळ येतेच, पालही येते, आणि पाल एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा बोर्डावर शॉर्ट झाली की गेमचा प्रश्नच उरत नाही.

कूलरची थंड हवा खोलीत असली तर चांगलंच, खोली चार अंशांनी उतरली की प्रोसेसरही तेवढाच उतरतो. पण कॅबिनेट थेट झोतात ठेवू नका. पार्ट हवेपेक्षा गरम असतात, त्यामुळे त्यांच्यावर दव धरत नाही. भीती आहे ती उडणाऱ्या बारीक थेंबांची. बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच मग बोर्डावर बसायला लागतो.

आणि जे या मेसेजमध्ये नाहीच, ते सगळ्यात महत्त्वाचं: साफसफाई. धाब्याच्या घरात वरून बारीक माती झडतच असते. जिनिंगच्या आसपासच्या गावांत कापसाची तूस हवेत तरंगते. ती पंख्यातून आत ओढली जाते आणि पंखा व हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये अडकून बसते. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो. चार स्क्रू काढून पंखा उचलला की खाली राखाडी रंगाची गोधडीच निघते, चिमटीत धरली तर अख्खी उचलून येते. तिच्यातून हवा जाणार कशी? बंद करून, प्लग काढून, ओट्यावर नेऊन ब्लोअरने उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या जोराने ते गरगर फिरलं तर पंखा खराब होऊ शकतो. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला लेप) वाळून खडखडीत झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. इंटेल प्रोसेसरच्या पेटीत येणाऱ्या कूलरला (पंखा आणि हीटसिंक) प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. परत बसवताना चारही पिना बोर्डाच्या मागच्या बाजूने आरपार आल्यात का हे बघा. एक जरी सुटली तरी साफ करूनही तापमान पूर्वीपेक्षा वाढतं.

‘व्होल्टेज कमी असतं म्हणून गेम स्लो होतो, स्टॅबिलायझर लावा.’

आपल्याकडे संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, त्यामुळे हे पटकन पटतं. पण एसएमपीएस भिंतीतून काहीही आलं तरी आत 12 व्होल्ट देण्याचा प्रयत्न करतो. जमलं तर पीसी पूर्ण वेगाने चालतो, नाही जमलं तर बंद पडतो नाहीतर रीस्टार्ट होतो. व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं म्हणून एफपीएस 90 वरून 60 होत नाहीत. स्टॅबिलायझर पार्टांच्या काळजीसाठी लावा, वेगासाठी नको. गेमचा लोड आला की मशीन रीस्टार्ट होत असेल, तर कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या बिननावाच्या एसएमपीएसकडे बघा. आणि काही एसएमपीएसच्या मागे 115/230 चं लाल बटण असतं, त्याला हात लावू नका. आपल्या विजेवर ते 115 ला केलं की एसएमपीएस उडतो.

‘फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या.’

फॉरमॅटने व्हायरस आणि कचरा जातो. तापमान, एकटी रॅम, ढिली पिन जशीच्या तशी राहते. ड्रायव्हरची शंका असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना काढून नवा टाका, अख्खं विंडोज उडवायची गरज नाही.

कार्ड घेण्याआधी कॅबिनेटच्या मागे जा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की वर मदरबोर्डच्या पोर्टात? मदरबोर्डात असेल तर घरात पडलेलं चांगलं कार्ड जवळपास बिनकामाचं बसलंय. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, 144 हर्ट्झचा मॉनिटर 60 वर अडकून राहणं नेहमीचं आहे.

त्यानंतर एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर लावून गेम खेळा. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवतील. कार्डाचा वापर सतत 95-99 टक्के असेल तर कार्डच कमी पडतंय, तेव्हा सेटिंग उतरवा नाहीतर कार्डाचा विचार करा. कार्ड 50-60 टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एक-दोन कोर पूर्ण भरलेत, तर प्रोसेसर कमी पडतोय. खात्रीसाठी रिझोल्युशन 1080 वरून 720 वर आणा. एफपीएस तसेच राहिले तर नवीन कार्डाने काहीही बदलणार नाही. व्हॅलोरंट आणि सीएस2 मध्ये असं बऱ्याचदा दिसतं. मोबाइलचे गेम इम्युलेटरवर खेळत असाल तर कार्ड सोडा, आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा; इंटेलवर व्हीटी, एएमडीवर एसव्हीएम नावाने ते असतं. आणि एफपीएस 120 वर स्थिर असताना समोरचा खेळाडू उड्या मारत जातो, तो दोष पीसीचा नाही, नेटचा. वायफाय सोडून लॅन केबल लावून बघा.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर ‘भाऊ, गेम हँग होतो’ एवढंच सांगून मशीन सोडून येऊ नका. गेम चालू असतानाचं प्रोसेसरचं तापमान, क्लॉक, कार्डाचा वापर आणि रॅमचा स्पीड यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या. पार्ट बदलला तर तोच गेम, त्याच सेटिंगवर, अर्धा तास तिथेच चालवून हेच आकडे पुन्हा वाचा, शक्यतो दुपारी आणि एसी बंद असताना.