ऊन अंगाला लागतं, स्नायूंना नाही

पोहण्याच्या जिल्हा स्पर्धा जवळ आल्या की खान्देशातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो एकाच दिवशी जळगाव, भुसावळ आणि शिरपूरहून आला. म्हणणं असं: आपल्याकडे ऊनच एवढं की अंग तापलेलंच असतं, वॉर्मअपने पोरं उगाच दमतात, पोहणं हा हातांचा खेळ, आणि पायांचा व्यायाम केला तर पाय जड होऊन बुडतात. मी मुलांना पोहायला शिकवतो, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा उन्हाचा. एका वडिलांनी तलावाच्या काठावरच मला विचारलं होतं, "अंग तं तपेलच शे, मंग वॉर्मअप कसाले?" दादा, उन्हाने तापते ती कातडी. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ वर जातो तेव्हा शरीर रक्त कातडीकडे वळवतं आणि घाम काढतं, त्यात पोरगं थकतंच. वॉर्मअपने स्नायू आतून तापतो, काम करून. एक-दोन अंशांनी तापला तरी तो जास्त जोरात आणि चटकन आकुंचन पावतो. शिवाय स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांचं, शरीर ३७ चं, आणि पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. उन्हाळ्यात वॉर्मअप सावलीत घ्या, थोडका घ्या, पाणी पाजत राहा. पण घ्या.

आणि आपल्याकडे फक्त उन्हाळाच असतो का? डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. अशाच एका सकाळी माझ्या एका विद्यार्थिनीने सातला वॉर्मअप केला. शर्यती लांबल्या. पाऊण तास ती ओल्या कॉस्च्यूममध्ये सिमेंटच्या पायरीवर बसून राहिली, ओठ निळे, गुडघे छातीशी घेतलेले. ब्लॉकवरून, म्हणजे शर्यत सुरू करायच्या चौथऱ्यावरून, तिची उडी अशी पडली की जणू कुणी पोतं टाकलं. ५० मीटरला सरावापेक्षा दीड सेकंद जास्त लागला. चूक माझीच होती. वॉर्मअप झाला, पण त्याची ऊब मी राखली नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत कोरडे टॉवेल, स्वेटर आणि पायमोजे असतात, आणि हीटच्या, म्हणजे शर्यतीच्या फेरीच्या, आधी दहा मिनिटं मुलांकडून उड्या मारून घेतो. पोरं दमतात ती वॉर्मअपमध्ये जीव तोडून हजार मीटर पोहायला लावल्यावर. तेवढी तक्रार खरी आहे.

हातांचं म्हणणं फ्रीस्टाईलपुरतं बरंचसं बरोबर आहे, पुढे ढकलण्याचं मोठं काम तिथे हातच करतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मात्र मुख्य जोर पायांचा. आणि कोणत्याही प्रकारात ब्लॉकवरून झेप पायांनी घ्यायची, भिंतीला रेटा पायांनी द्यायचा. हिशेब करून बघा: फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लायमध्ये स्टार्ट आणि प्रत्येक टर्ननंतर (भिंतीपाशी वळल्यावर) १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं. २५ मीटरच्या तलावात १०० मीटरची शर्यत म्हणजे एक स्टार्ट, तीन टर्न. नियमाप्रमाणे १०० पैकी ६० मीटरपर्यंत अंतर एकही हात न मारता कापता येतं! १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कऑफ आणि सुवर्ण जिंकणारा जपानचा दाइची सुझुकी बॅकस्ट्रोकमध्ये पाण्याखालून किक मारत इतके लांब गेले की त्यानंतरच या अंतराला मर्यादा घालावी लागली.

राहिले बुडणारे पाय. स्नायू पाण्यापेक्षा किंचित जड असतो, हे खरं. पण पाय खाली जातात कारण फुफ्फुसांतली हवा छातीला वर धरते आणि पायांना तसा आधार नसतो. त्यांना वर ठेवते ती किकच. ती कमरेतून निघावी लागते आणि घोटा मोकळा लागतो. सायकल मारल्यासारखी गुडघ्यातून किक मारणारं पोरगं जागच्या जागी पाणी उडवत राहतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर लोखंड ठेवायची गरज नाही. उठाबशा, दोन्ही पायांनी उंच उड्या, पायरीवर चढउतार, आणि टाचांवर बसून घोटे ताणणं, आठवड्यातून तीन वेळा. आमच्याकडे हे तलावाच्या मागच्या कडुनिंबाखाली होतं, पाण्यात उतरायच्या आधी.