दूध बाधतं म्हणून ताकही सोडायचं का? एक खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मोबाइलवर एक संदेश फिरतोय: ‘दूध पिऊन पोट फुगतं म्हणजे ॲलर्जी, दही, ताक, तूप सगळं बंद करा.’ हे चूक आहे, आणि यात लोकांचं घरचं ताक विनाकारण सुटतं.

ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. अशांनी मात्र दही-ताकही टाळावं. नुसतं पोट गुडगुडणं, वारा धरणं, जुलाब हा बहुधा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा त्रास. लहान आतड्यात ही साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य कमी पडलं की ती न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो.

200 मिली दुधात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असतं. एका वेळी इतकं, तेही जेवणासोबत, बऱ्याच जणांना सोसतं. दह्यातले जिवाणू ते पचवायला मदत करतात; तुपात ते जवळपास नसतंच. जपायचं ते कुंद्याला, म्हणजे दूध आटवून केलेल्या बेळगावी मिठाईला: दूध आटताना पाणी उडतं, लॅक्टोज कढईतच राहतं. म्हशीऐवजी गाईचं दूध घेऊनही ते टळत नाही.

दोन आठवडे दूध, खवा, कुंदा थांबवा. मग अर्ध्या कपापासून पुन्हा सुरू करून बघा. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.