समाधीला सिमेंट लावू नका

गडमाथ्यावरच्या समाधीचा चौथरा ढासळला की पहिलं सुचतं ते सिमेंट. दोन गोण्या वर न्यायच्या, रविवारी दहा पोरं लावायची, काम फत्ते. भावना खरी असते, घामही खरा असतो. पण त्या सिमेंटनं समाधीचं आयुष्य घटतं.

चुन्याची दरज, म्हणजे दोन चिऱ्यांमधला भरलेला सांधा, पावसात पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. सिमेंटची दरज वरून गच्च बंद होते. मागून मुरलेलं पाणी आत अडकतं, आतला जुना चुना भुसभुशीत होतो आणि हळूहळू चिरे सुटायला लागतात. बरं, नंतर ते सिमेंट काढावं तर दगडाची कडही सोबत निघते. मागच्या हंगामात एका आडवाटेच्या गडावर आमचं निम्मं काम हेच होतं, कुणीतरी प्रेमानं थापलेलं सिमेंट छिन्नीनं टिचक्या मारत काढणं. जोर लावता येत नाही.

चुन्याचं काम वेळखाऊ आहे, हे कबूल. चुना आधी भिजवून मुरवायचा, मग वाळू घालून मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. हे सगळं डोक्यावरून वर न्यायचं. कातळातल्या पायऱ्यांवर आम्ही माणसांची साखळी केली आणि गोण्या हातोहात चढवल्या. पाणी टाक्यातलं. चिरे हलवण्याआधी प्रत्येकावर खडूनं आकडा टाकला, फोटो काढले. सांध्यात पिंपळ होता. नुसता छाटला तर दुप्पट जोमानं फुटतो, म्हणून मूळ शोधत आत जावं लागलं. दरजा भरून झाल्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि ते सुकू नये म्हणून काही जण वर मुक्कामाला राहिले. खरी सेवा मला त्या मुक्कामातच दिसली.

रायगडावर महाराजांची समाधी झाडोऱ्यात हरवली होती. महात्मा फुले १८६९ मध्ये तिथे पोहोचले. टिळकांनी १८९५ मध्ये जीर्णोद्धारासाठी चळवळ उभारली. प्रत्यक्ष जीर्णोद्धार व्हायला विसाव्या शतकाचं तिसरं दशक उजाडलं. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं धीर धरला, मग आपल्यालाच रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं का उरकायचं असतं?

परवानगीचंही तेच. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय दगड हलवणं गुन्हा आहे. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. लेखी अर्ज, पाठपुरावा, जाणकाराची पाहणी, यात महिने जातात. जाऊ द्यावेत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांवर निदान जगाचं लक्ष आहे. बाकीच्या शेकडो गडांवरची बिननावाची थडगी, वीरगळ, सतीशिळा यांना कुणीच राखणदार नाही. तिथे ऑइलपेंट फासणाऱ्या हाताला अडवणारे आपणच.

या हिवाळ्यातल्या मोहिमेसाठी बरेच जण सिमेंटच्या गोण्या देऊ करताहेत. मनापासून आभार, पण त्याच पैशात चुना, गोणपाटं आणि घमेली द्या. आणि जमलं तर आठवड्यातले मधले दिवस काढून या. दरजा ओल्या ठेवायला माणसं तेव्हाच कमी पडतात.