मापाचा मग

चतुर्थीला मुंबई-पुण्याहून येणारे नातेवाईक आमचं फोंड्याकडचं जुनं घर बघून खुळावतात. राजांगण काय, पडवी काय! कौतुक करायला त्यांचं काय जातंय? रात्री दोन वाजता राजांगणाला वळसा घालून, स्वैपाकघर ओलांडून, मागच्या पडवीतल्या न्हाणीपर्यंत जायचं असतं ते मला. पणजोबांनी घर बांधताना देवघराचा विचार केला, भाताच्या कोठीचा केला. साठी उलटलेल्या पुरुषाच्या मूत्राशयाचा मात्र केला नाही.

देवळासमोरच्या कट्ट्यावर आम्हा समवयस्कांत "साखर किती?" याच्या पाठोपाठ "रात्रीचं कसं?" हे येतंच. उपाय प्रत्येकाकडे आहेत. गोखरूचा काढा, भोपळ्याच्या बिया. एकजण जेवणाआधी थोडी फेणी सुचवतो. पण तो गुडघेदुखीलाही तीच सुचवतो.

शेवटी पणजीला डॉक्टर गाठले. वाटलं, गोळी देतील. त्यांनी कोरा तक्ता दिला. तीन दिवस काय प्यालात, कधी गेलात, किती मिलिलिटर झाली, सगळं लिहून आणा.

"अंदाजे लिहिलं तर?"

"अंदाज निवडणुकीत. इथे माप."

घरात मापाचा मग एकच, सोलकढीचा. त्याकडे मी नुसतं पाहिलं तरी बायको म्हणाली, "अहो, हात तर लावून बघा!" नवा आणायला बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "केकासाठी का?" नाताळ जवळ आला होता, मी मान डोलावली. घरी आल्याबरोबर बायकोने त्यावर काळ्या मार्करने ठळक अक्षरांत 'ह्यांचा' असं लिहिलं. मगाच्या लाल रेघा मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात मग, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही. टॉर्च दातांत धरला. पडवीतलं कुत्रं भुंकलं ते उगीच नव्हे.

तक्ता बघून डॉक्टर म्हणाले, दुखणी दोन आहेत. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेय, हे एक. दुसरं, चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रात्रीच तयार होतोय. दिवसभर घोट्यांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं रात्रपाळीला लागतात. संध्याकाळनंतर चहा बंद. दुपारी पाय उशीवर घेऊन पडायचं. जिथे दुपारी एकला अर्धा बाजार शटर ओढून आडवा होतो, त्या गोव्यात हे ऐकायला मी फी मोजली!

औषधांत टॅमसुलोसिन, ०.४ मिलिग्रॅम. ते प्रोस्टेटभोवतीचे आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं. थोड्याच दिवसांत धार सुधारली. पण खाटेवरून झटकन उठलं की रक्तदाब घसरून घर फिरतं, म्हणून आधी काठावर बसून राहायचं. निकड असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे थट्टाच. जोडीला ड्युटास्टेराइड. त्याने ग्रंथी आक्रसते, पण पुरता गुण यायला सहा महिने. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामापेक्षा हे लवकरच म्हणायचं. कट्ट्यावरून डेस्मोप्रेसिनचीही शिफारस झाली होती. रात्रीची लघवीच कमी करणारं औषध! डॉक्टरांनी सांगितलं, या वयात त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक खाली जाऊ शकतं, वारंवार तपासावं लागतं. तो विषय तिथेच मिटला.

मग मोतीबिंदू काढायला म्हापशाला गेलो, तर डोळ्यांच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "लघवीची गोळी घेता का?" टॅमसुलोसिनने बुबुळाचा पडदाही सैल पडतो आणि शस्त्रक्रियेत फडफडतो म्हणे. नळ दुरुस्त करायला जावं आणि खिडकी खिळखिळी व्हावी! बायकोला मात्र या चौकशीचं फार कौतुक वाटलं.

फेऱ्या आता घटल्यात, बंद नाहीत झाल्या. म्हणून जत्रेतल्या नाटकाला मी पडदा उघडायच्या तासभर आधी गेलो, कडेची खुर्ची मिळावी म्हणून. कडेच्या सगळ्या खुर्च्यांवर टोप्या, पंचे, उपरणी टाकून झाली होती. मधल्या ऐसपैस खुर्च्या तरण्या पोरांसाठी सोडल्या होत्या.