उभ्याची मीटिंग

डोंबिवली ते घाटकोपर मी रोज उभा येतो, तिथून मेट्रोने चकाल्यापर्यंत पुन्हा उभाच. चौथी सीट मिळणं हे माझं प्रमोशन. अशा माणसाला ऑफिसात शिरल्या शिरल्या कुणी सांगितलं की आजपासून रोज सकाळी १५ मिनिटं उभ्याने मीटिंग, तर त्याने काय करावं? मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

आमचं ऑफिस 'अजाइल' झालं होतं, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या छोट्या तुकड्यांत, पटापट करायचं. २००१ साली अमेरिकेत, युटाच्या डोंगरात, १७ जण जमले आणि त्यांनी छोटासा जाहीरनामा काढला. ढीगभर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, असं त्यात म्हटलंय. आमच्यापर्यंत तो पोचला ४२ पानी परिपत्रक होऊन, शेवटी 'वाचले' म्हणून सही करायची जागा.

उभ्याची मीटिंग दोन दिवस टिकली. साहेबांचा गुडघा दुखतो, म्हणून ते बसले. साहेब बसले म्हणून उपसाहेब बसले. शुक्रवारपर्यंत उभी राहिली फक्त ट्रेनी पोरं, आणि मीटिंग पाऊण तासावर गेली.

मग पत्ते आले. काम केवढं मोठं याचा अंदाज करताना प्रत्येकाने १, २, ३, ५, ८, १३ यांतला एक पत्ता एकदम उघडायचा, म्हणजे कुणाचं दडपण कुणावर नको. आमच्याकडे साहेबांचा पत्ता दिसेपर्यंत कुणाचं बोट हलत नाही. त्यांनी तीन टाकला की अख्ख्या टेबलावर तिर्र्याच तिर्र्या. दोन आठवड्यांच्या टप्प्यात, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम संपवायचं, आणि ते लाइव्ह करायची मंजुरी देणारी समिती मात्र महिन्यातून एकदाच बसते. असो.

खरी मजा भिंतीवरच्या बोर्डाची. 'करायचं', 'चालू', 'झालं' असे तीन रकाने, त्यांत पिवळ्या चिठ्ठ्या. एसी थेट बोर्डावर, त्यामुळे रात्रीतून चिठ्ठ्या गळायच्या. तरी त्या स्प्रिंटला आमचा वेग, म्हणजे 'झालं'मधल्या चिठ्ठ्यांची बेरीज, दुप्पट निघाला. बाहेरून आलेल्या कोचने टाळ्या वाजवल्या, साहेबांनी समोसे मागवले.

एकदा मी लवकर पोचलो, तेव्हा झाडूवाल्या मावशी खाली पडलेली चिठ्ठी पुसून बोर्डावर लावत होत्या. 'झालं'च्या रकान्यात.

"मावशी, तिथेच का?"

"तिकडे गर्दी आहे ना साहेब. इथे जागा मोकळी असते."

मी काही बोललो नाही. समोसे माझ्याही पोटात गेले होते.

पुढच्या स्प्रिंटला मावशी गणपतीला गावी गेल्या. आमचा वेग निम्म्यावर आला, आणि त्याची कारणं शोधायला दोन तासांची मीटिंग लागली आहे. उभ्याने.