साठावा सेकंद

स्क्रिप्ट जेमतेम तीस ओळींची. दुसऱ्या एका सर्व्हरकडून रोजची आकडेवारी मागवायची आणि आपल्या पानावर तक्ता काढायचा, एवढंच तिचं काम. पीएचपी या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली. आकडेवारी मागवणारी ओळ एकच, 'फाइल_गेट_कंटेंट्स'. दोन वर्षं तिने माझ्याकडे काही मागितलं नाही, मीही तिची विचारपूस केली नाही. मग एका सोमवारी पान उघडलं, तर टॅबवरचं चक्र फिरतंय, फिरतंय, फिरतंच आहे.

"काय बदललंस?" सहकाऱ्याने विचारलं.

"काहीच नाही."

तो हसला. हे उत्तर ऐकल्यावर डॉक्टर, वकील आणि प्रोग्रामर अगदी एकसारखे हसतात.

टाइमआउटचा, म्हणजे वाट बघता बघता मुदत संपण्याचा, खरा जाच असा, की त्यात कोणी काही बोलतच नाही. समोरचं पोर्ट (जोडणीची जागा) बंद असेल तर समोरची मशीन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणून दार तोंडावर आपटते. अपमान होतो, पण क्षणात उरकतो. टाइमआउटमध्ये आपण कडी वाजवत उभे. आत कोणी आहे, झोपलंय की घरच बदललंय, काही म्हणजे काही कळत नाही.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. स्क्रिप्टला वेळ कमी पडत असणार, म्हणून वर 'सेट_टाइम_लिमिट' टाकून मुदत ३० सेकंदांवरून थेट ३०० केली. ढिम्म फरक नाही. मग मॅन्युअल उघडलं (हे आधी करायचं असतं, ठाऊक आहे) आणि कळलं, की लिनक्सवर या मुदतीत नुसतं वाट बघण्यात गेलेला वेळ धरतच नाहीत. स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरच्या दारात ताटकळत बसली की हे घड्याळही बसतं. विंडोजवर मात्र खरा वेळ मोजतात. म्हणजे मी ज्या घड्याळाला चावी देत होतो, ते मुळात चालूच नव्हतं.

मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसलो. ५८, ५९, ६०, आणि पान मेलं. पुन्हा केलं, पुन्हा साठलाच. गंमत म्हणजे मरण दर वेळी वेगळं. कधी आमच्या वेब सर्व्हरचं, म्हणजे एनजिनएक्सचं, कोरडं '५०४ गेटवे टाइमआउट', तर कधी पीएचपीचा स्वतःचा इशारा, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. एकाच आजाराची दोन सर्टिफिकेटं! यावर माझा अख्खा दिवस गेला. पीएचपीची सॉकेटची (दुसऱ्या सर्व्हरशी जोडणीची) मुदत, म्हणजे 'डिफॉल्ट_सॉकेट_टाइमआउट', मुळात ६० सेकंद. आणि एनजिनएक्स पीएचपीच्या उत्तराची वाट बघतो तीही मुळात ६० सेकंदच. दोघं शेजारी राहतात, बोलचाल नाही, आणि रोज एकाच ठोक्याला वैतागतात. ज्याचा संयम केसभर आधी सुटेल, त्याचा निरोप मला.

मी पीएचपीची मुदत १२० केली. आता नेमाने ५०४. मग एनजिनएक्सची १८० केली. आता दोन मिनिटं थांबून तोच इशारा. दिवसभराच्या मेहनतीची कमाई काय, तर तेच अपयश दुप्पट वेळात.

आकडेवारीच्या सर्व्हरवाल्यांना फोन लावला. "अहो, आमच्याकडून सगळं ओके आहे. ब्राउझरमध्ये उघडून बघा ना." उघडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. सर्व्हरवर जाऊन टर्मिनलमध्ये 'कर्ल' (ब्राउझरशिवाय पान मागवणारा प्रोग्राम) मारलं, तिथेही लगेच आलं. म्हणजे त्याच मशीनवरून, त्याच पत्त्यावर, कर्लला घरात घेतात आणि माझ्या स्क्रिप्टला बाहेर उभं करतात. तिने काय घोडं मारलंय?

तिसऱ्या दिवशी कर्लला '-व्ही' जोडून त्याची बडबड ऐकली. पहिली ओळ 'ट्रायिंग', पुढे कोलनच कोलन असलेला लांबलचक पत्ता, म्हणजे आयपीव्ही६, इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत. त्यावर काही उत्तर यायच्या आतच दुसरं 'ट्रायिंग', पुढे आपला चार आकड्यांचा साधा पत्ता, म्हणजे जुनं आयपीव्ही४. लगेच 'कनेक्टेड'.

तर भानगड ही होती. एकाच नावाला दोन पत्ते. कर्ल हुशार, नव्या पत्त्यावर २०० मिलिसेकंदांत कोणी ओ दिली नाही की जुन्याचंही दार वाजवतं. ब्राउझरही तसलेच. या चलाखीचं अधिकृत नाव 'हॅपी आयबॉल्स', म्हणजे आनंदी बुबुळं, २०१२ सालच्या आरएफसी ६५५५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात छापलेलं. नाव कोणी ठेवलं असेल ते असो, तीन दिवस स्क्रीनकडे टक लावून माझ्या बुबुळांत आनंद काही उरला नव्हता. आणि आमची 'फाइल_गेट_कंटेंट्स' जुन्या वळणाची. पहिला पत्ता मिळाला, त्या दारात बसली, सगळी मुदत तिथेच संपवली.

पुन्हा फोन. "तुम्ही आयपीव्ही६ सुरू केलंय का?"

"हो, शनिवारीच. पण बाकी काहीच बदललं नाही हो."

यावर मी हसलो. डॉक्टर-वकिलांसारखाच.

पण त्यांचं आयपीव्ही६ ठणठणीत होतं. मग आमची पॅकेटं, म्हणजे पाठवलेले माहितीचे तुकडे, गिळत कोण होतं? आमच्याच सर्व्हरच्या फायरवॉलची (काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याची) फाइल उघडली. बाहेर जाणारं सगळं आयपीव्ही६ 'ड्रॉप' करा, अशी एक ओळ. 'रिजेक्ट' लिहिलं असतं तर निदान नकार तरी मिळाला असता. 'ड्रॉप' म्हणजे गिळा आणि गप्प बसा. हे लिहिणारा महाभाग कोण, म्हणून वरची कॉमेंट वाचली. 'तात्पुरतं. नंतर बघू.' खाली तारीख पाच वर्षांपूर्वीची, आणि आद्याक्षरं माझी.

सहकारी मागे येऊन उभा होताच. मी फाइल मिटली. ती ओळ उडवावी, तर आणखी काय काय तिच्या भरवशावर उभं असेल कोण जाणे, आणि वाजले होते साडेसहा. म्हणून स्क्रिप्टमध्येच 'बाइंडटू' ला '०:०' देऊन तिला आयपीव्ही४ वर बांधून टाकलं आणि मुदत आणली १० सेकंदांवर. पान झटक्यात उघडलं.

त्या ओळीच्या वर कॉमेंट लिहिली: 'तात्पुरतं. नंतर बघू.'